रक्तवाढीची गोळी

सिहोऱ्याच्या आमच्या नर्सबाई रंगानं तव्यासारख्या काळ्या आणि तोंडानंही तशाच तापलेल्या. ऐंशीच्या सुमारास मला पहिल्यांदा दिवस गेले, तेव्हा त्या दर मंगळवारी सायकलनं यायच्या, लोहाची गोळी गिळायला लावायच्या आणि जीभ उचलायला सांगून तोंड तपासायच्या.

सासूबाईंनी हटकलं, "या गोळीनं लेकरू काळं होते म्हणतेत."

"माह्या मायनं एकही गोळी नाही खाल्ली," बाई म्हणाल्या. "पाहा, मी कशी निंगाली."

तरी सासूबाईंना पटेना. मग बाईंनी एक गोळी स्वतः गिळून दाखवली. पुढं कळलं, घरोघरी त्या हेच करत होत्या.

एकदा दवाखान्याच्या पायरीवर पोट धरून बसलेल्या दिसल्या. "गावाचं रक्त वाढून राहिलं," त्या कण्हत म्हणाल्या, "अन् चार दिवसांपासून संडास माही बंद हाये."