त्या सकाळची भाकरी

आमची कुत्री सुनेच्या हट्टापायी आणि रोह्याच्या डॉक्टरीणबाईंच्या हातून मेली, असं आमच्या पेणच्या घरात आणि आळीत सगळे इतकी वर्षं धरून चालले. ते खोटं आहे. ती माझ्यामुळे मेली. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, म्हणून आता लिहितो आहे.

आमचा गणपतीचा कारखाना घराला लागूनच आहे. साचे, रंगकाम, गिऱ्हाइकं हे सगळं मुलगा बघतो. डोळ्यांची आखणी मात्र अजून माझ्याकडे आहे. कारखान्याच्या राखणीला एक कुत्रं असायचंच, ही वडिलांपासूनची पद्धत. ओल्या मूर्तींवरून उंदीर-मांजरं फिरतात, नाजूक बोटं मोडतात. म्हणून सकाळी कोणी ब्रश हातात घेण्याआधी पहिली भाकरी कुत्र्याला. राखण करणाऱ्याचं पोट आधी भरावं, एवढाच तिचा अर्थ असणार. पण एकदा ती भाकरी द्यायची राहिली आणि नेमका त्याच दिवशी एका मोठ्या मूर्तीचा डोळा तिरका गेला. पुसून पुन्हा काढला, तरी बसेना. तेव्हापासून कुत्रीने खाल्ल्याशिवाय मी आखणीला बसलो नाही. कारागीर थट्टा करायचे. एक म्हातारा रंगारी म्हणायचा, "शेठ, कुत्रीची भाकरी आधी नि आमचा चाय मागून. उद्यापासून आम्ही पण भुकतो."

ती कुत्री तांबूस रंगाची होती, एका कानाचं टोक तुटलेलं. भाद्रपदात इकडे गणपती जायचे आणि तिकडे तिच्यामागे गावातले कुत्रे लागायचे. दिवाळीच्या आसपास ताडपत्रीखाली पिल्लं. नर कोणी ना कोणी न्यायचं. माद्यांना कोणी हात लावत नाही. त्या मी गोणीत घालून टेम्पोने रोह्याच्या वाटेवर गडबला न्यायचो आणि हायवेवरच्या हॉटेलांच्या मागे सोडायचो. घरी सांगायचो, धाटावच्या कंपनीतल्या माणसांनी नेल्या. सून रोह्याजवळ धाटावलाच एका कंपनीच्या ऑफिसात कामाला. कोणी नेल्या हे तिने विचारून पाहिलं असणार. एका दिवाळीनंतर कामावरून आली आणि चपला न काढताच म्हणाली, "बाबा, मी बसमधून बघितली. गडबला रस्त्यावर चिरडून पडली होती. आपलीच होती."  तेव्हाच तिने ठरवलं की पुढच्या भाद्रपदाआधी कुत्रीचं ऑपरेशन करून घ्यायचं.

माझ्या बायकोला ते मुळीच पटलं नाही. "देवाच्या कारखान्यातली कुत्री नि तिला फाडायची? काय गो बोलतेस?" पण सून ऐकेना. कंपनीतून सुटल्यावर रोह्याला जाऊन तिने डॉक्टरीणबाईंना भेटून दिवस ठरवला. तरुण बाई, नुकताच जनावरांचा दवाखाना काढलेला. आदल्या दिवशी सुनेने मला दोन-तीनदा बजावलं, "रात्रीपासून काही द्यायचं नाही, बाबा. भुलीत उलटी झाली तर श्वासात जाते." ती सकाळच्या बसने कामावर जाणार होती, मी टेम्पोतून कुत्रीला रोह्याला न्यायचं आणि तिने तिकडे यायचं, असं ठरलं.

श्रावणाचे दिवस, कारखाना मूर्तींनी भरलेला. सकाळी एक गिऱ्हाईक मूर्ती न्यायला दारात हजर. डोळे तेवढे राहिले होते. निघायच्या आधी ते काढून द्यावेत म्हणून मी ब्रश ओला केला, आणि कुत्री रोजच्यासारखी पायाशी येऊन बसली. माझा हात काही पुढे जाईना. तिरका गेलेला तो डोळा आठवत राहिला. सून गेलेली होती, बायको मागे विहिरीवर. मी टोपल्यातली भाकरी घेतली, दुधात कुस्करली आणि तिच्यापुढे ठेवली. तिने भांडं चाटूनपुसून साफ केलं. मग मी डोळे काढले. सुरेख आले. गिऱ्हाईक हात जोडून उभं राहिलं.

गडबला टेम्पो थांबवून मी चहा घेत होतो तेव्हा मागे ती ओकली. भाकरीचे पांढरे गोळे. रंगाच्या फडक्याने पुसून टाकले आणि फडकं तिथेच फेकलं. मनाशी म्हटलं, चला, झालं पोट रिकामं. माझा त्यावर विश्वास बसला होता असं मी म्हणणार नाही. विश्वास बसावा अशी इच्छा होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, सकाळपासून काही खाल्लं नाही ना?"

सून शेजारी उभी होती. खाल्लं म्हटलं असतं तर ऑपरेशन पुढे ढकललं गेलं असतं आणि सुनेसमोर मान खाली गेली असती, एवढंच होतं. मी म्हटलं, "नाय."

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. थोड्या वेळाने आत धावपळ ऐकू आली, भांडी पडल्याचा आवाज आला. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे हातमोजे तसेच होते. म्हणाल्या, "पोटात अन्न होतं. उलटी श्वासात गेली. खूप प्रयत्न केला." मग माझ्याकडे वळल्या. "काका, खरं सांगा. काही दिलं होतं?"

"पाणी पण नाय दिलं," मी म्हणालो.

सुनेने माझी बाजू घेतली. माझी! "ते खोटं बोलणार नाहीत," असं म्हणाली आणि मग डॉक्टरीणबाईंना नाही नाही ते बोलली. बाई ऐकत राहिल्या. कुत्री टेबलावर होती. तिचे डोळे उघडे होते. मला वाटलं, अजून जीव आहे. बाई म्हणाल्या, भुलीत डोळे उघडेच राहतात. आयुष्यभर डोळे काढणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हतं.

परत येताना गडबला टेम्पो थांबवला नाही.

पुढचं सगळं मी होऊ दिलं. बायको सुनेला म्हणायची, "खेळती-फिरती नेलीन नि गोणपाटात गुंडाळून आणलीन. नसता शहाणपणा." सून उलट बोलत नसे. गणपतीचे पाट घेऊन येणारी माणसं विचारत, कुत्री कुठाय? मी सांगायचो, रोह्याच्या डॉक्टरीणबाईंनी भूल जास्त दिली. पेणमध्ये आखणी करणाऱ्या म्हाताऱ्याच्या शब्दाला किंमत असते. आळीतल्या कोणी पुन्हा आपली कुत्री त्यांच्याकडे नेली नाही. काही काळाने तो दवाखाना बंद झाला. आता तिथे मोबाईलचं दुकान आहे. बाई कुठे गेल्या, मला माहीत नाही.

बायको गेली तीही हेच धरून गेली.

कारखान्यात त्यानंतर कुत्रं ठेवलं नाही. पहिली भाकरी मी रस्त्यावरच्या कुत्र्यांना घालायचो. गेल्या दिवाळीत अशाच एका कुत्रीने आमच्या ताडपत्रीखाली पिल्लं घातली. त्यातली एक मादी सुनेने घरात घेतली. या ज्येष्ठात ती ऑपरेशनच्या वयाची झाली, तेव्हा मीच विषय काढला. सून म्हणाली, "नको बाबा. पिल्लं झाली तर सांभाळीन मी. पण हिला त्या टेबलावर नाही ठेवणार. एकदा माझ्या हातून झालं ते पुरे."

सगळी पिल्लं ती सांभाळू शकणार नव्हती. माद्या कुठे जातात, ते मला चांगलं ठाऊक होतं. आणि तिच्या हातून काहीच झालेलं नव्हतं.

ओट्यावर बसून ती वालाचं बिरडं सोलत होती. मी समोर बसलो आणि सांगितलं. भाकरी, दूध, गडबचं फडकं, सगळं. तिचे हात थांबले नाहीत. परातीत वाल पडत राहिले.

मग म्हणाली, "आईंना माहीत होतं?"

"नाय."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"आजारपणात मी त्यांना पेज भरवत होते. तेव्हाही म्हणाल्या, सांभाळून भरव गो, तुझ्या हाताला यश नाय." तिने एक वाल हातात तसाच धरला. "तुम्ही समोरच्या खाटेवर बसला होतात, बाबा."

बसलो होतो. ऐकलंही होतं.

ती उठून परात आत घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "त्या बाईंना शोधून सांगा. आणि आळीला पण." बाई सापडल्या नाहीत. आळीत चार घरी जाऊन मी सांगितलं. रंगाऱ्याने ऐकलं आणि "शेठ, जाऊ द्या आता" म्हणाला. त्या दिवसापासून तो माझी थट्टा करत नाही. ज्या घरी जाता आलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिलं.

नव्या कुत्रीचं ऑपरेशन गेल्या आठवड्यात झालं. आदल्या संध्याकाळी सुनेने तिला आपल्या खोलीत घेतलं. खायचं भांडं आणि भाकरीचं टोपलंही आत नेलं आणि कडी लावली. सकाळी मी टेम्पोचं विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही नका येऊ." रिक्षा बोलावून ती एकटी गेली.

कारखान्यात एक मूर्ती आखणीला ठेवली होती. कुत्री उपाशी गेली होती. मी ब्रश ओला केला आणि बसलो. हात नेहमीसारखाच चालला. दोन्ही डोळे सरळ आले. मी कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिलो. मुलाने येऊन विचारलं, काही चुकलं का? मी म्हटलं, नाही, काही चुकलं नाही.

दुपारी सून तिला मांडीवर घेऊन रिक्षातून उतरली. कुत्री झिंगलेली होती, जीभ बाहेर, पण श्वास चालू होता. पोटावर पट्टी होती. मी पुढे झालो. सून तिला घेऊन माझ्या बाजूने आत गेली. दारात थांबून म्हणाली, "डॉक्टरांनी विचारलं, काही खाल्लंय का. मी नाही म्हणून सांगितलं. कडी माझ्या हातची होती."

संध्याकाळी तिने कुत्रीला चमच्याने पेज भरवली. भांडं अजून तिच्याच खोलीत आहे.