डावं पुढचं चाक

आमच्या घरात भांडणाला विषय फार उरलेले नाहीत. मुलगी लग्न होऊन पुण्याच्या कडेला मांजरीला गेली, आम्ही दोघंही निवृत्त, आणि चहात साखर किती घालायची यावर एकमत होऊन जमाना झाला. उरली ती गाडी. पंधरा वर्षं पूर्ण झाली म्हणून आरटीओतून नव्यानं पासिंग करून आणलेली, रंग विटलेली, पण ठणठणीत. ती आम्ही दोघंही चालवतो आणि तिचा डावा पुढचा टायर सारखा झिजतो. बाकीचे तीन धड असतात, हा मात्र आतल्या कडेनं गोटा झालेला असतो. तो कोणामुळे झिजतो, हा आमचा वाद.

माझ्या नवऱ्याच्या मते यात वाद घालण्यासारखं काही नव्हतंच. मी पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकले, म्हणजे त्यांच्या हिशेबानं अजून शिकतेच आहे.

"तू खड्डे चुकवत नाहीस," ते म्हणायचे.

"पुण्यात खड्डे चुकवायचे तर गाडी घरातच ठेवावी लागेल," मी म्हणायचे.

त्यांची सगळी नोकरी एका कारखान्याच्या तपासणी विभागात गेली. आलेला प्रत्येक सुटा भाग मोजायचा, मर्यादेत असेल तर पुढे पाठवायचा, नसेल तर परत. ही सवय घरीही आली. पोळी एका बाजूनं जाड झाली तर ते चिमटीत धरून बघतात आणि काही न बोलता खातात, ते बोलण्यापेक्षा वाईट असतं. त्यामुळे व्हील अलाइनमेंट केल्यावर जो छापील कागद मिळतो, तो त्यांच्या खास आवडीचा. लोक आपली गाडी घेऊन निघून जातात, हे मात्र तिथल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून तो अथपासून इतिपर्यंत वाचतात. घरी आल्यावर मला समजावून सांगतात.

तर मला जे कळलं ते असं. कागदावर तीन रकाने असतात. गाडी आली तेव्हाचं माप, असायला हवं ते माप आणि काम झाल्यावरचं माप. मर्यादेत असलेलं हिरवं, बाहेरचं लाल. टो म्हणजे चाकांची पावलं. माणूस पावलं फाकवून चालला की त्याची चप्पल एका कडेनं झिजते, तसाच टायर. कॅम्बर म्हणजे चाक ताठ उभं आहे की कललंय. कॅस्टर मला अजून कळलेलं नाही, आणि त्यांनाही कळलेलं नसावं असा माझा संशय आहे, कारण ते सांगायची वेळ आली की त्यांना पाणी प्यायचं असतं.

आमच्या कागदावर सगळं हिरवं असायचं, फक्त डाव्या पुढच्या चाकाचा टो लाल. ते दुरुस्त करून आणायचे. काही महिन्यांत पुन्हा तेच. एकदा त्यांनी मला पार्किंगमध्ये नेऊन टायरवरून तळवा फिरवायला लावला. एका दिशेनं हात सरळ सरकला, उलट दिशेनं करवतीच्या दातांवरून फिरवल्यासारखा अडला. "चाक सरळ चालत नाही, फरपटत जातं. त्याची ही खूण," ते म्हणाले. आम्ही दोघं वाकून टायर कुरवाळतोय हे बघून वरच्या मजल्यावरच्या बाईंनी गॅलरीतून विचारलं, "काही हरवलंय का?" यांनी मान वर न करता सांगितलं, "हो, अक्कल. कोणाची ते शोधतोय."

त्याच संध्याकाळी त्यांनी तोडगा काढला. वाद घालून काही सिद्ध होत नाही, मोजू या. आज अलाइनमेंट करून आणायची. मग महिनाभर गाडी फक्त मी चालवायची, महिनाअखेर मोजायची. पुढचा महिना फक्त त्यांनी चालवायची, पुन्हा मोजायची. हवा तेवढीच, रस्ते तेच, रविवारी मांजरीला लेकीकडे जाणं-येणं दोघांच्याही वाट्याला. इतक्या काटेकोरपणे आमचं लग्नही ठरलं नव्हतं. मी लगेच हो म्हटलं. मला जिंकायचं होतं. नुसतं जिंकायचं नव्हतं, त्यांनी ते स्वतःच्या तोंडानं कबूल करायला हवं होतं, शक्यतो मुलीसमोर.

माझा महिना मी शाळेच्या तपासणीला साहेब आल्यासारखा काढला. गटाराच्या खचलेल्या झाकणाला वळसा घालताना मागच्या रिक्षावाल्यांच्या शिव्या खाल्ल्या, पण झाकणावरून चाक घातलं नाही. कागद आला तो सगळा हिरवा. त्यांनी तो दोनदा वाचला, मोजताना चाकांना लावतात त्या पट्ट्या नीट बसवल्या होत्या का असं तिथल्या माणसाला विचारलं आणि शेवटी "हं" म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं हे मोठं भाषण होतं.

मग त्यांचा महिना. त्या महिन्यात माझं गुडघ्याचं दुखणं निघालं आणि मी फारशी बाहेर पडले नाही. लेकीकडेही ते एकटेच जाऊन आले. मधेच कधीतरी डाव्या पुढच्या चाकाची प्लॅस्टिकची टोपी गायब झाली. "चोरली कोणीतरी," ते म्हणाले. एकच टोपी चोरणारा चोर आमच्या नारायण पेठेतच सापडायचा, असं मी म्हटलं. महिनाअखेर कागद आला. डाव्या चाकाचा टो लालभडक.

"मशीन बिघडलंय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही थेट धायरी गाठली. तिथल्या मशीनची त्यांना कोणीतरी तारीफ ऐकवली होती. त्या मशीननंही तोच लाल आकडा दाखवला. दुकानाचे मालक गावातलेच, बोलायला मोकळे. त्यांनी फडक्यानं टायर पुसला.

"काका, डावीकडनं मार बसतोय. ही बाजू बघा कशी घासलीय. चाक धरून ठेवतो तो खालचा आर्म वाकला आसंल. बदलून टाकू, गाडी जुनी हाय."

गाडी जुनी, हे कारण यांना फार पटलं. आर्म बदलेपर्यंत मी मुलीला फोन लावला आणि त्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "तुझ्या बाबांचा निकाल लागला. नापास." ती खूप हसली. मग तेही हसले, जरा उशिरा, पण हसले. मी त्या दिवशी फार खुशीत होते.

परतताना सिंहगड रस्त्यावर मी त्यांच्या डाव्या हाताला बसले होते. जिंकलेला माणूस जसा उगाच आणखी पुरावे गोळा करतो, तशी मी रस्त्याची डावी बाजू न्याहाळत होते. गाडी ते छान चालवत होते. वेग बेताचा, हात स्थिर, दुचाकीवाल्यांना वाट देणं पूर्वीसारखंच. एका बस स्टॉपपाशी फुटपाथ रस्त्यात पुढे आलेला होता, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा. मला वाटलं, आता ते स्टिअरिंग वळवतील. त्यांनी वळवलंच नाही. चाक त्या कडेवर चढलं आणि धाडकन खाली आलं.

"खड्डा," ते म्हणाले.

थोडं पुढे एक पेरूची हातगाडी उभी होती. ती अगदी जवळ आल्यावर मी म्हणाले, "अहो, हातगाडी."

"कुठे?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते मला उडवून लावत नव्हते, खरंच विचारत होते. हातगाडी माझ्या खिडकीला लागून मागे गेली. पेरूवाल्यानं ओरडून काहीतरी म्हटलं.

मला रस प्यायचाय असं सांगून मी गाडी एका गुऱ्हाळापाशी थांबवायला लावली. गाडीतच बसून म्हटलं, "उजव्या डोळ्यावर हात ठेवा आणि समोर बघा."

"हा काय पोरकटपणा?"

"मोजून बघू या. तुमचीच पद्धत आहे."

त्यांनी हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. डाव्या हाताचं बोट डाव्या कानापाशी धरून हळूहळू नाकाकडे आणलं आणि ते दिसायला लागलं तिथे थांबवलं. बोट पार नाकासमोर आलं होतं. त्यांनी तेच पुन्हा करून बघितलं, एका मापावर त्यांचा विश्वास कधीच नसतो.

"हा मर्यादेबाहेर आहे," ते म्हणाले.

राहिलेला रस्ता गाडी मी चालवली. गिअर कधी बदलायचा हे त्यांनी एकदाही सांगितलं नाही, आणि त्यांनी सांगावं असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

डोळ्याच्या डॉक्टरांनी डाव्या डोळ्यात काचबिंदू सांगितला. तो चोरपावलांनी येतो, कडेची नजर आधी खातो आणि उजवा डोळा सांभाळून घेतो म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. तपासणीचा छापील कागद त्यांनी माझ्या हातून घेतला आणि तिथेच बसून वाचला. मग डॉक्टरांना विचारलं, "यात नंतरचा रकाना नसतो का?" डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. मला कळला. डॉक्टर म्हणाल्या, गेलंय ते परत येणार नाही, उरलंय ते औषधाच्या थेंबांनी टिकवायचं, आणि गाडी आता चालवायची नाही. मी खड्डे न चुकवणारी निघाले असते तर किती बरं झालं असतं, असं मला त्या खुर्चीत बसून मनापासून वाटलं. वर्षभर जी लढाई मी जिंकायला निघाले होते, ती हरायला मी तेव्हा काहीही दिलं असतं.

घरी आल्यावर दोन दिवस ते पोळी न बघताच खात होते. तिसऱ्या दिवशी पोळी चिमटीत धरून बघितली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

पुढच्या रविवारी मांजरीला निघालो. मी चालवायला, ते शेजारी. आमची गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते, तिथे डाव्या कोपऱ्यावर एक टेम्पो नेमका आडवा लावलेला होता. त्याच्यापलीकडून काय येतंय ते मला दिसेना. मागून हॉर्न सुरू झाले. मी काही विचारायच्या आत त्यांनी काच खाली केली, नुसती मान नाही तर खांद्यासकट अख्खे वळले, उजवा डोळा पार रस्त्याकडे जाईपर्यंत, आणि बाहेर डोकं काढून बघत राहिले. बराच वेळ बघितलं. हॉर्न वाढले, पण त्यांनी घाई केली नाही.

"चल," ते म्हणाले. "रिकामं आहे."

मला अजूनही टेम्पोशिवाय काही दिसत नव्हतं. मी गिअर टाकला आणि गाडी बाहेर काढली.