सरांनी काढलेलं नातं

बसमध्ये सर नेहमी सगळ्यात मागच्या सीटवर बसायचे. हाडं खिळखिळी झाली तरी चालेल, पण पाठीमागे कुणी बसलेलं त्यांना सोसायचं नाही. "मागून येनारा दिसला पाह्यजे जी," म्हणायचे. त्या सीटच्या मागे नुसता बसचा पत्रा असायचा. तरी मान वळवून ते तो एकदा बघून घ्यायचेच.

आम्ही दोघं मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याचे, नोकरी सौंसरच्या एका खासगी कॉलेजात. मी कॉमर्स शिकवतो, ते इतिहास शिकवायचे. असा भित्रा माणूस तुम्हीही एखादा पाहिला असेल. आमचे सर कुत्र्याला भीत, विजेला भीत, कॉलेजच्या शिपायालाही भीत. लग्न केलं नाही, तेही म्हणे भीतीनंच. आणि अशा माणसानं आयुष्यभर अभ्यास कशाचा करावा? अमेरिकेतल्या इटालियन गुन्हेगारी घराण्यांचा!

त्यावर त्यांना पीएच.डी. करायची होती. विषय ऐकून गाईडनं हात जोडले. सरांनी पीएच.डी. सोडली, विषय नाही सोडला.

"न्यूयॉर्कवाले आन् डेट्रॉइटवाले एक कसे झाले, मालूम हाय?" ते मला विचारायचे, तेही इतक्या बारीक आवाजात की डेट्रॉइटचा माणूस पुढच्याच सीटवर बसलाय असं वाटावं. "पोरी देल्या जी! न्यूयॉर्कच्या एका घरच्या पोरी डेट्रॉइटच्या घरात देल्या. शहरं दूर, घर एक. पोलीस बंदुका पाहत राह्यले, आन् हे लोकं वराती काढत राह्यले." मग तिकडच्या एका खेड्यातल्या बंगल्यावर शहराशहरांतले म्होरके कसे जमले होते, पोलीस येताच ती सुटाबुटातली माणसं रानात कशी पळाली, हे सांगून ते पोटभर हसायचे. हसून झालं की पुन्हा मागे बघायचे.

हीच नजर त्यांनी आपल्या मुलखावरही लावली होती. लोधीखेड्याची कुणाची लेक सावरगावात कुणाकडे दिली, कुणाची आजी कुणाची मावशी, सगळं तोंडपाठ. सोयरिकीच्या बैठकीत लोक त्यांना हटकून बोलवत. सरांनी नातं काढलं की त्यावर कुणी शंका घ्यायचं नाही.

माझी धाकटी बहीण मनीषा पटवारी, म्हणजे तलाठी, झाली तेव्हाची ही गोष्ट. तिच्याकडे जी गावं आली, त्यांत नदीचा रेतीघाट होता, आणि तिथून उपसलेल्या रेतीच्या कागदांवर पटवाऱ्याची सही लागते. थोड्याच दिवसांत बोरगावहून तिला मागणी आली. संत्र्याचा व्यापार, मुलगा देखणा, हुंडा नको. आई हरखून गेली आणि पाहुण्यांना बोलावून मोकळी झाली.

सरांनी मला कॉलेजच्या जिन्यात गाठलं.

"पोराची माय नागपूरकडची. तिचा भाऊ तिकडं रेती इकते. पोराची बहीन बैतूलले देली, त्यायचे डंपर. आन् हे इथं घाटावर. समजून राह्यले का तुमी? यायले सून नाई पाह्यजे, पटवारी पाह्यजे."

"मग नाही म्हणून टाकू," मी म्हणालो.

"नाई म्हनू नका बाप्पा!" त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. या लोकांना नाही म्हटलेल्या एकाच्या बगीच्यातली संत्र्याची झाडं, भर बहरातली, बुंध्यापासून कापलेली सापडली होती. कुणी कापली, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. "म्या पाहतो काई," सर म्हणाले.

बैठकीत सर आमच्या बाजूनं बसले. मुलाचे काका समोर, पांढरेशुभ्र कपडे, बोलणं लोण्यासारखं मऊ. सरांनी घसा खाकरला आणि विचारलं, "पोराची आजी, म्हंजे मायची माय, कोन्या गावची जी?" उत्तर ऐकून त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "मंग त घोटाळा झाला. पोरीची आजी आन् ते, सख्ख्या बहिनी. म्हंजे दोघांच्या माया मावसबहिनी. हे पोट्टे त भाऊ-बहीन लागतात."

बैठक गार पडली. आमच्या आजीला बहीणच नव्हती. मी आईकडे पाहिलं; घाटाची गोष्ट तिच्या कानावर घातली होती, ही नाही. आईनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "हो जी. माह्या मायनं सांगतलं व्हतं. ध्यानातच नाई राह्यलं."

काकांनी सरांकडे बराच वेळ पाहिलं आणि मग हसले. "बरं झालं सर, पाप टळलं. बायको नाई त बहीन भेटली. आपलेच निंघालो आपन!"

सर भित्रे होते, पण मूर्ख नव्हते. तरी ही चूक त्यांच्या हातून झाली. आपल्याकडे भावाला दारातून परत पाठवता येतं का?

राखीला मुलगा पेढे घेऊन हजर. मनीषानं राखी बांधली, काय करणार? मग तो तिच्या ऑफिसात येऊ लागला. "ताई, घाटावर आपल्याच गाड्या हायेत, तेवढं सांभाळून घेजा." चारचौघांत ताई. काका आईला ताई म्हणत. आमच्या गल्लीत त्यांची पांढरी जीप हक्कानं उभी राहू लागली. मनीषा जेवेनाशी झाली. एकदा म्हणाली, "दादा, सही केली तर मी मेले आणि नाही केली तरी मेले."

मी हे सरांना सांगितलं. "जिंदगीभर तेच वाचलं," ते म्हणाले, "आन् आपल्याच हातानं नातं जोडून देलं. आता मलेच तोडा लागते."

मी सोबत निघालो, तर बस स्टँडवर त्यांनी मला हात जोडले. "तुमी नका येऊ. तुमाले माय हाय, बहीन हाय." एकटेच बोरगावच्या बसमध्ये चढले. दुपारी परत आले ते थेट आमच्या घरी. पाणी मागितलं. निम्मं शर्टावर सांडलं.

"सांगतलं. म्हनलं, नातं खोटं हाय, म्या बनवलं. या घरच्यायले काईच मालूम नोहतं."

"मग ते काय म्हणाले?"

"च्या पाजला. म्हने, सर, तुमी लय हुशार मानूस हा." एवढं बोलून ते रडायला लागले. मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

त्या दिवसापासून पांढरी जीप आमच्या गल्लीत आली नाही. ऑफिसात ताई म्हणणंही थांबलं. आणि पुढच्या आठवड्यात एका सकाळी सर बस स्टँडवर दिसले नाहीत.

घराला कुलूप होतं. फोन बंद. मागच्या अंगणात दोरीवर त्यांचे धुतलेले कपडे वाळत होते. कॉलेजात सगळे म्हणाले, भित्रा माणूस, गेला असेल पळून. तसं म्हणणं सगळ्यांनाच सोयीचं होतं. मीही स्वतःला तेच सांगत होतो, पण पळणारा माणूस आदल्या दिवशी कपडे धुऊन वाळत घालतो का?

सरांचं जवळचं कुणीच नव्हतं. साऱ्या जिल्ह्याची नाती माहीत असलेला माणूस, त्याची हरवल्याची तक्रार द्यायला एक नातेवाईक नाही. शेवटी मनीषाच उठली. मी मागोमाग गेलो. ठाण्यासमोर रस्त्यापलीकडे पांढरी जीप उभी होती. त्यांचीच असेल असं नाही. अशा जीपा पुष्कळ आहेत.

ठाण्यातल्या मुन्शीनं, म्हणजे कारकुनानं, मान वर न करता विचारलं, "आप कौन लगती हैं उनकी?"

मी हळूच तिची बाही ओढली, परत चल म्हणून.

"भांजी," मनीषा म्हणाली. मुन्शीनं वर पाहिलं.

"सगी?"

"हां, सगी. लिखिए."

त्यानं लिहिलं. तिनं वाचून पाहिलं आणि खाली सही केली.