कडीला न लागलेला डबा

करोनाच्या दुसऱ्या लाटेत वारज्यातल्या आमच्या सोसायटीत कोणी शिंकलं, तर शिंक नाकातून बाहेर पडायच्या आत ग्रुपवर पोचायची. मी एकदाच मास्क नाकाखाली घेतला, तर चौदा गॅलऱ्यांतून सत्तावीस डोळे रोखले गेले. एका आजोबांना एकाच डोळ्याने दिसायचं, म्हणून सत्तावीस.

त्याच दिवसांत वरच्या मजल्यावरचे काका हॉस्पिटलमध्येच वारले. काकू घरात एकट्या, त्याही पॉझिटिव्ह. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात देतात. मी डबा भरला. तो कडीला अडकवायचा, बेल वाजवायची आणि खाली यायचं, एवढंच काम.

दाराशी पोचलो, तोच समोरचं दार बोटभर उघडलं. आतून सेक्रेटरी म्हणाले, "काय हो, त्यांच्याकडे का? मग आपणही चौदा दिवस घरातच ना? ग्रुपवर कळवतो."

आयुष्यभर थापा मारल्या, पण इतकी चटकन कधी सुचली नव्हती. "छे हो, गच्चीवर वाळलेले कपडे काढायला चाललोय." थाप निभावायला खरंच गच्चीवर गेलो. डबा तिथेच गार झाला.

वर्षभराने काकूंनी चहाला बोलावलं. साखर ढवळत म्हणाल्या, "त्या दिवशी मी दाराच्या आतच उभी होते. पिठल्याचा वास आला, म्हणून ताट घेऊन आले होते."

मी तोंड उघडलं. एकही थाप सुचली नाही.

"घ्या, चहा निवतोय," काकू म्हणाल्या.