ऐकलं तसं गायलो

आम्ही धावडा गावचे, जातीनं धनगर. मेंढरांमागं हिंडताना मी मोठ्यानं गायचो. शिकवणारं कुणी नव्हतं. भोकरदनच्या बाजारात एकदा एका वकीलसाहेबांनी ऐकलं आणि वडलांना म्हणाले, "याचा गळा मेंढरांत घालवू नका." त्यांच्याच ओळखीनं मी सतराव्या वर्षी हैदराबादच्या एका नामांकित संगीतशाळेत गेलो. निजामाचा अंमल होता तेव्हा. पहिल्या दिवशी उस्तादांनी लांबलचक तान घेतली, मी ती जशीच्या तशी परत गायलो. त्यांनी पुढं काही न विचारताच मला वरच्या वर्गात घेतलं.

वर्गात जहागीरदारांची, अंमलदारांची पोरं. त्यांना घरी मास्तर येऊन शिकवून गेलेले. उस्ताद म्हणत, "कोमल गंधार लगाओ," आणि सगळे बराबर तिथंच जात. मला गंधार म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. विचारायची लाज वाटे. मग शेजारच्याला आधी गाऊ द्यायचं आणि लगोलग तेच गायचं, असं मी सुरू केलं. कुणाच्या ध्यानात येत नाही, असं मला वाटे.

शेजारच्या पोराच्या ध्यानात आलं होतं. एका सकाळी त्यानं मुद्दाम भलताच सूर लावला आणि शेवटी आवाज फाडला. मी डोळे मिटून तस्संच गायलो. भलत्या सुरासकट, फाटक्या आवाजासकट.

पोरं हसून लोळली. उस्ताद हसले नाहीत.

"ये क्या गाया?"

"जी, त्यानं गायलं तेच."

"और गंधार?"

"मालूम नहीं, उस्ताद."

"घर में कौन गाता है?"

"माय. जात्यावर."

पुन्हा हसू फुटलं. त्या घटकेला मला आईचीही लाज वाटली, आणि ती वाटली म्हणून स्वतःची आणखीच.

"कल से छोटे बच्चों में बैठना," उस्ताद म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चिमुरड्या पोरांत मांडी घालून बसलो. माझे गुडघे दोन्हीकडच्या पोरांना लागत होते. वरच्या वर्गातली पोरं दारातून डोकावून जात होती. जवळ बसलेली एक लहान मुलगी मराठी घरातली होती. तिनं सरळच विचारलं, "दादा, तुम्ही एवढे मोठे, अन् तुम्हाला येत न्हाई?"

"न्हाई येत," मी म्हणालो. तोवर हे कुणापुढं म्हटलं नव्हतं.

तिनं पेटीची एक काळी पट्टी दाबून धरली. "हा कोमल गंधार. म्हणा."

मी म्हटला. हा सूर तर मी कळायला लागल्यापासून गात आलो होतो. नुसतं नाव ठाऊक नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, तेही त्या पोरीसमोर.

वर्षभर तिथंच बसलो. त्या दारातून आत शिरताना रोज मान खाली जायची. मग उस्तादांनी वरच्या वर्गात परत घेतलं. शेजारचा तोच पोरगा सरकून जागा देत म्हणाला, "आज तू आधी गा."

मी आधी गायलो. सूर नेमका लागला, पण भीतीनं आवाज फाटला. या वेळी कुणीच हसलं नाही. सगळे खाली बघत राहिले, आणि त्यामुळं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी उठून गेलो नाही. पुढची ओळ घेतली.