गायकवाड बाईंचा बोल्ट

गायकवाड बाईंनी मुलाखतीत माझी डिग्रीसुद्धा विचारली नाही. कागदाच्या पट्टीला मधोमध भोक पाडलं, ती माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ओढ." पट्टी भोकाशीच फाटली.

"का गं तिथेच?"

"तिथे कागद कमी आहे म्हणून."

"उद्यापासून ये."

वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात क्रेनचे हुक आणि जोड बनायचे. बाई डिझाइनच्या प्रमुख. नौपाड्याच्या बाजारात पिशवी घेतानाही बंद खेचखेचून शिवण तपासायच्या. दुकानदार वैतागायचा, "बाई, कांदेच न्यायचेत ना?"

"हो, पण घरापर्यंत!"

आम्हाला त्या नेहमी सांगायच्या, "मजबूत आहे, हे विकणाऱ्याने म्हणावं. आपण सांगायचं, आधी कुठे तुटेल."

एकदा नव्या ऑर्डरसाठी त्यांचंच एका जोडाचं जुनं ड्रॉइंग मी उतरवत होते. बोल्टवरचा ताण काढताना त्यांनी बोल्टची पूर्ण जाडी धरली होती. मी भीतभीत म्हटलं, "मॅडम, आटे पाडल्यावर बोल्ट तिथे बारीक होतो ना? मग क्षेत्रफळ तिथलं धरायला हवं."

बाईंनी कागद ओढून घेतला. दोनदा गणित केलं. चहावर साय आली.

"ताण पाव पटीने वाढतोय," त्या म्हणाल्या. "आणि सही माझी आहे."

ते जोड मोहन्यातल्या एका गोदामात केव्हाच बसले होते. आमचे मालक म्हणाले, "इतकी वर्षं काही झालं नाही ना? फॅक्टर ऑफ सेफ्टी म्हणून जास्तीची ताकद ठेवलेली असतेच की. जाऊ द्या, बाई."

"साहेब, ती सेफ्टी क्रेनजवळ काम करणाऱ्या माणसाची आहे. माझी चूक झाकायला ती कशी वापरू?"

त्यांनी तिथूनच गोदामात फोन लावला. "चूक माझी आहे. क्रेन थांबवा, मी येतेय."

जास्त ताकदीचे बोल्ट आणि एक फिटर घेऊन आम्ही टेम्पोने निघालो. वाटेत बाईंनी वडापाव घेतले. "खा, पण पोटात जागा ठेव. तिकडे शिव्या खायच्यात."

तिथला मॅनेजर खरंच खूप बोलला. बाईंनी मान खाली घालून सगळं ऐकलं आणि शेवटचा बोल्ट बदलेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. गिऱ्हाईक तुटलं, असं आम्ही धरून चाललो होतो. पण पुढच्या ऑर्डरला त्यांची एकच अट होती: ड्रॉइंग गायकवाड बाईंनी तपासलेलं हवं.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या आणि तपासणीच्या रकान्यात सही करायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच ड्रॉइंगला पेन टेकवेना. डोंबिवलीला त्यांच्या घरी फोन केला.

"मॅडम, हात थरथरतोय."

"छान!" बाई हसल्या. "ज्या दिवशी थरथरणार नाही, त्या दिवशी सही करू नकोस."