भातातला खडा

कल्याणास आमचं बिऱ्हाड होतं तेव्हा माझी सकाळ तांदूळ निवडण्यात जाई. सूप घेऊन उंबऱ्याशी बसायचं, उजेडाकडे तोंड करून एकेक खडा वेचायचा आणि मग ते तांदूळ सासूबाईंपुढे ठेवायचे. त्यांना फारसं दिसत नसे. बोटांनी चाचपून त्या हमखास एक तरी खडा काढत आणि माझ्या तळहातावर ठेवत. बोलत काही नसत. त्यापेक्षा चार शब्द बोलल्या असत्या तर बरं, असं मला वाटे.

त्याचं कारण माझ्या यजमानांचा मुतखडा. कळ उठली की कमरेपासून जांघेपर्यंत जाई आणि एवढा धीराचा माणूस जमिनीवर गडाबडा लोळे. सासरे याच दुखण्याने गेले होते. घरात, आळीत सगळ्यांचं एकमत होतं: खडा झाला तो भातातून, आणि भात रांधणारी मी. ऐकून ऐकून माझे कान किटले. वैद्यांचे काढे झाले, नवस झाले. शेवटी मला माहेरी पाठवून यांचं दुसरं लग्न लावावं अशी कुजबुज सुरू झाली. सासूबाईंनी तिला हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. मी इतकी थकले होते की एकदाचं पाठवा तरी, असंही मनात येई.

हे स्टेशनातल्या मालधक्क्यावर कारकून होते. सोवळ्यात जेवून जात ते दिवेलागणीला परत. मध्ये पाण्याचा थेंब नाही. नळाच्या चावीत कातडं असतं म्हणून ते पाणी चालत नसे, आणि घरून तांब्या न्यावा तर गर्दीत शिवाशिव होणार. वैशाखात पत्र्याखाली अंग भाजून निघे, तरी नेम ढळला नाही. वर पानात लोणचं, पापड, सांडगे हवेतच. आळीत यांच्या सोवळ्याचं कौतुक होई, आणि खरं सांगते, मलाही त्याचा तोराच होता.

एका वैशाखात यांना लघवीतून रक्त गेलं, तेव्हा सासूबाईंचे भाऊ ठाण्याहून एका डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टर ओटीवर बसले, आम्ही दोघी दाराआड. त्यांनी लघवीचा रंग विचारला, दिवसाकाठी पाणी किती पिता ते विचारलं. मामांनी मोठ्या अभिमानाने भाच्याचा नेम सांगितला. डॉक्टरांनी तो ऐकून घेतला. मग म्हणाले, उन्हात अंगातलं पाणी घामावाटे जातं, वरून पाणी नाही, खाणं खारट. अशाने लघवी दाट होते, तिचा साका धरतो आणि त्याचाच खडा होतो. वडिलांना होता म्हणजे घराण्यातही आहे, यांनी तर जास्तच जपायला हवं होतं. मामांनी भाताचं काढलं. भातातला खडा आतड्यातून निघून जातो, डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडाकडे जायला त्याला वाटच नाही.

मला रडू फुटणार होतं, तोच शेजारून आवाज आला. परपुरुषासमोर चकार शब्द न काढणाऱ्या सासूबाई बोलत होत्या.

"याच्या वडिलांचंही तसंच होतं का?"

सासरे मिठागरावर देखरेखीला असत, तेही बाहेर पाणी घेत नसत, असं मामांनी सांगितलं. मग बहुधा तेच कारण, डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे माझ्या हातच्या भाताने नाही गेले ते?"

"नाही, बाई."

नवऱ्याला खडे चारून मारलं, असं त्यांच्या सासूने त्यांना मरेपर्यंत ऐकवलं होतं. हे मला मामांकडून त्या संध्याकाळी कळलं.

दुखणं उतरून हे पुन्हा कामावर निघाले, तेव्हा सासूबाईंनी स्वतः तांब्या भरून यांच्या हातात दिला. शिवाशिव होईल म्हणून हे घुटमळले.

"होऊ दे. आल्यावर आंघोळ कर. पण हा रिकामा करून आण."

मी सवयीने तांदूळ निवडून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनीही सवयीने बोटं फिरवली. एक खडा सापडला. तो त्यांनी बराच वेळ चिमटीत धरला, पण माझ्या हातावर ठेवला नाही.

"एवढ्याशा खड्यापायी माझा जन्म गेला गं," म्हणाल्या, आणि तो अंगणात टाकून दिला.